तानाबाईची गाय

"आल्या पुन्ना रगत काढाय. ही गाय हाय का रक्तपेढी?"

तानाबाई बोलली गायीच्या कानात, पण अशा बेतानं की गोठ्याच्या दारातल्या अनुजालाही ऐकू जावं.

एरवी अनुजा हसली असती. आज तिला हसू येत नव्हतं. शाहूपुरीतल्या प्रयोगशाळेत ती कितीतरी वर्षं गोचीड तापावरची लस शोधत होती. गोचिडाच्या चाव्यातून एक परजीवी गायीच्या अंगात शिरतो, ताप चढतो, गाठी सुजतात, आणि बघता बघता दावं रिकामं होतं. त्या परजीवीला मारायचं नाही, माणसाळवायचं आणि जिवंतच गायीला टोचायचं, अशी तिची लस. द्रव नायट्रोजनच्या टाकीतल्या भयंकर थंडीत ती झोपून असते. बाहेर काढून जागी झाली की तिला लगेच रक्त हवं, तान्ह्या बाळाला दूध हवं तसं; नाहीतर मरते.

परजीवीचे सहा वाण प्रयोगशाळेतच बाद झाले होते. सातवा तेवढा टिकला. उन्हाळ्याच्या तोंडाला जयसिंगपूरजवळच्या या गावात तो पहिल्यांदा गायींना टोचला.

पावसाळा सरेपर्यंत लस टोचलेल्या सगळ्या गायी गेल्या. एक सोडून.

प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, पुरे आता, टाकीत जागा करा. काल अनुजानं स्वतःच्या हातानं सातव्या वाणाच्या सगळ्या बाटल्या, ज्यातून तो पुन्हा वाढवता आला असता त्या मूळ बीजासकट, वाफेच्या यंत्रात घालून मारून टाकल्या. त्या एका गायीचं रक्त गेल्या आठवड्यात पुण्याला तपासायला गेलं होतं, त्याच्यासाठी कोण थांबणार? आज ती शेवटचा नमुना घ्यायला आली होती. मग सगळंच बंद.

गावानं आपल्यापुरता निकाल केव्हाच लावला होता. तानाबाईला खरं औषध मिळालं, बाकीच्यांना पाणी. कुणी म्हणे, म्हातारीनं नृसिंहवाडीला नवस बोललाय. कुणी म्हणे, गायीला रॉकेल चोळते.

"आजी, खरं सांगा. गायीला काही लावलं होतं?"

"लावलं की. शेण लावलं." तानाबाईनं शेपटी धरून गाय वळवली. "सुई तुमी टोचली, आन् इचारताय मला व्हय?"

लस टोचायला आले तेव्हाही ती अशीच होती. बसा म्हणाली नाही, घोटभर पाणी विचारलं नाही. 'धारंची येळ झालीया. काय टोचायचं त्ये टोचा आन् वाटंला लागा.' सम्राट, अनुजाचा मदतनीस, शेजारच्याच गावचा. त्याला लाज वाटली होती. गाडीत तो म्हणाला, "मॅडम, आमच्याकडची माणसं अशी नसत्यात हो."

खरंच नव्हती. बाकीच्या घरांनी केवढी माया केली होती, चहा घेतल्याशिवाय गायीकडं जाऊ दिलं नव्हतं! आणि तानाबाईच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या मेहमुदाचं तर विचारायलाच नको. आधीचे डॉक्टर तिच्या ओसरीवरूनच परत जायचे, कपाला हात लावायचे नाहीत. हे अनुजाच्या कानावर आलं होतं. म्हणून ती मुद्दाम आत जाऊन बसली.

मेहमुदाची धांदल उडाली. ठेवणीतले कप निघाले. आलं ठेचलं गेलं. दूध कमी पडलं म्हणून ती स्वतः परड्यात जाऊन गायीच्या दोन धारा काढून आली. मग खारी आली, मग पुन्हा चहा. टाकीतून काढलेली बाटली हातात घेऊन सम्राट दाराशी उभा होता. "बस की रं लेकरा, गाय काय पळून जातीया?" म्हणून तिनं त्यालाही बसवलं. बशी धरायला हात मोकळा हवा, म्हणून त्यानं बाटली अनुजाच्या पाठीमागं, चुलीशेजारच्या फळीवर ठेवली.

टोचून झाल्यावर, निघताना मेहमुदानं अनुजाचा हात दोन्ही हातांत धरला. बराच वेळ सोडला नाही. अनुजालाही त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

महिन्याभरात मेहमुदाची गाय गेली. घर तिच्यावरच चालायचं.

अनुजानं रक्ताची नळी सम्राटकडे दिली, तेवढ्यात फोन थरथरला. पुण्याचा अहवाल. तिनं उभ्या उभ्या वाचला. पुन्हा वाचला.

तानाबाईच्या गायीला लागण झाली होती. गोचिडानं चावलं होतं, परजीवी रक्तात शिरला होता आणि तिथंच हरला होता. गाय नशिबानं वाचली नव्हती. सातव्या वाणानं वाचवली होती.

अनुजाला कालचं वाफेचं यंत्र आठवलं.

"डॉक्टरीणबाई!" भिंतीपलीकडून मेहमुदा आली. हातात ताट, ताटात तेच ठेवणीतले कप. तिच्यामागं उघड्या दारातून तिचा रिकामा गोठा दिसत होता. खुंटीवर दावं गुंडाळून ठेवलेलं. "ह्या म्हातारीकडं तुमाला पाणीबी मिळायचं न्हाय. घ्या बेटी, आल्याचा हाय."

"दे, दे," तानाबाई आतून म्हणाली. "बसू दे पावण्यास्नी दिवसभर."

अनुजानं सवयीनं कप घेतला. प्यायली नाही.

"सम्राट," ती हळू म्हणाली, "लस एकच. टाकी एकच. टोचणारा हातही तुझाच. मग या एका गोठ्यात आपण वेगळं काय केलं?"

सम्राट तिच्या हातातल्या कपाकडं बघत राहिला. पहिली गाय मेली त्या दिवसापासून त्यानं तिच्या डोळ्याला डोळा दिला नव्हता. मेहमुदा ताट धरून तशीच उभी होती.

"हिथं बाटली काढली आन् लगीच टोचली, मॅडम," तो म्हणाला. "आजीनं चहाच इचारला न्हवता."