वळसा

हायवेच्या कठड्याला जिथे भगदाड पडलं होतं तिथे तिरडी थांबली आणि ‘बुद्धं सरणं गच्छामि’ म्हणणारे आवाज एकेक करून विरले.

खंडू सगळ्यांच्या पुढे होता. वळून पाहतो तर त्याचा मेहुणा अंबादास एका हातानं खांद्यावरचा बांबू सावरत दुसऱ्या हातानं हायवे दाखवत होता.

“दाजी, इथनंच काढू. दोघं पलीकडं उतरतील, दोघं अलीकडनं देतील. स्मशान समोर तर आहे.”

समोरच होतं. घाटकोपरचा हायवे ओलांडला की स्मशानाची पत्र्याची शेड. वस्तीतली सगळी माणसं याच भगदाडातून जात-येत. सर्व्हिस रोड तसा आखूडच, नाल्यापाशी सुरू होऊन सिग्नलला संपणारा. पण मे महिन्याच्या दुपारी, खांद्यावर माणूस घेऊन, गॅरेजांपुढे लावलेल्या ट्रकांना वळसे घालत जायचं म्हणजे तोही लांबच.

“नको,” खंडू म्हणाला. “सिग्नलवरनं जाऊ.”

“खंडूदादा, माणसं सकाळपासनं उपाशी आहेत,” शेजारचा सहदेव म्हणाला. “उन्हानं वाट लागलीय सगळ्यांची.”

“ज्याला जायचं त्यानं जावं. सुंदरा इथनं जाणार नाही.”

वस्तीला ठाऊक होतं. खंडूची बायको सुंदराबाई पलीकडच्या गोदामात मिरच्या निवडायला जायची. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी तिचा डबा घरी राहिला म्हणून लेक शुभा तो घेऊन हायवेच्या कडेला आली. तेव्हा कठडा नव्हता. सुंदराबाईनं पलीकडून रस्ता पाहिला, रिकामा दिसला, आणि लेकीला हाक मारली, “ये गं, पळ.”

पोर पळाली. आठवीत होती.

लोकांनी रास्ता रोको केला, मग कठडा बसला. पुढं लोकांनीच तो वाकवला. सुंदराबाई मात्र पुन्हा कधी इथून गेली नाही; कामालाही रोज सिग्नलवरनंच फिरून जायची. परवा तापानं फणफणलेली असतानाही दवाखान्याला ती सिग्नलपर्यंत चालत निघाली. खंडू चिडला होता. “सगळी दुनिया जाते इथनं. तुझंच काय गं वेगळं?” ती चालत राहिली.

तिरडी सर्व्हिस रोडनं निघाली. ट्रकखालून एक मेकॅनिक सरपटत बाहेर आला आणि ग्रीसचे हात जोडून उभा राहिला. अर्ध्या वाटेवर धोंडिराम पंक्चरवाल्याची टपरी होती. खांदे बदलायला माणसं तिथं थांबली.

“कोण गेलं?” धोंडिरामनं विचारलं.

“बायको माझी.”

त्यानं पुढं होऊन चेहरा पाहिला. “या होय? रोज इथं टेकायच्या. त्या टायरवर.”

खंडूला हे माहीत नव्हतं. “काही बोलायची का?”

“नाही. पाणी मागायच्या. हायवेकडं तोंड करून बसायच्या. एकदा मी म्हटलं, बाई, कुणाची वाट बघता काय? तर म्हणाल्या, पोरगी यायचीय.”

खंडू त्या टायरकडं पाहत राहिला. ऊन लागून रबर तापलं होतं. त्यानं त्यावर हात टेकवला आणि तसाच ठेवला. अखेर अंबादासनंच त्याचा दंड धरला. “चला दाजी.” मघाची घाई त्याच्या आवाजात उरली नव्हती.

सिग्नलला हवालदारानं तिरडी पाहिली. शिट्टी वाजवली नाही, नुसता हात वर केला. ठाण्याकडून येणारे टँकर थांबले, लाल बस थांबली. पलीकडच्या बाजूला सायनहून येणाऱ्या गाड्याही एकामागून एक थांबल्या. इंजिनं घरघरत राहिली, पण हॉर्न कुणी दिला नाही. एवढी वाहनं आपल्यासाठी खोळंबलेली पाहून खांदेकऱ्यांची पावलं आपोआप भरभर पडू लागली.

खंडूनं मागं न बघता हात आडवा केला.

“सावकाश चला रे,” तो म्हणाला. “थांबलेत सगळे.”