टॉट म्हणजे काय

"टॉट म्हणजे ताणलेलं. इतकं, की कधी तुटेल सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. "ठेव बोट."

शिकवणीच्या बाईंचा हा नियमच होता. नवा इंग्रजी शब्द शिकला की घरभर हिंडायचं, शब्दाला शोभेल ते शोधायचं आणि त्यावर बोट ठेवायचं. बोट ठेवलं की शब्द आपला झाला. नुसत्या पाठांतराला त्या पोपटपंची म्हणत.

बिट्टी उठली. एरवी ती उड्या मारत जायची. आज बाबा घरी होते, म्हणून भिंतीच्या कडेकडेने गेली. बाबा सोफ्यावर पाय पसरून टीव्ही बघत होते. आवाज अगदी बारीक. शिकवणीत व्यत्यय नको म्हणून. माणूस मोठा सभ्य.

बाईंनी कपड्यांची दोरी मनात धरली होती. बिट्टीने बाल्कनीत जाऊन ती दाबून पाहिली. "ही नाही. ही तर लोंबतेय."

मग ती स्वयंपाकघरात गेली. आई पाठमोरी उभी राहून चहा गाळत होती. बिट्टीने मागून तिच्या मानेवर, ओढणीच्या कडेला, बोट ठेवलं.

आई केवढी दचकली! भांडं हातातून सुटलं, उकळता चहा ओट्यावरून तिच्या पायावर सांडला. तोंडातून मात्र हूं की चूं नाही. ओढणी घसरली, आणि बाईंना बसल्या जागेवरून दिसलं. बिट्टीच्या बोटाशेजारी आणखी चार बोटं उमटलेली होती. निळी, मोठ्या हाताची.

"ही बघा, बाई," बिट्टी म्हणाली. "टॉट."

बाबा हसले. "आमची ही आहेच तशी. स्वतःच्या सावलीला घाबरते."

काहीतरी बोलायला हवं म्हणून बाई सवयीने बोलून गेल्या, "बरं, आता उलट शब्द. सैल. ठेव बोट." बोलल्या आणि त्यांनी जीभ चावली.

बिट्टीने सोफ्याकडे पाहिलं. "ते बाबा बाहेर गेले की दाखवते. तेव्हा सगळं घरच सैल होतं. आईपण."

बाबांचं हसू गेलं नाही, होतं तिथेच थांबलं. "बाई, वेळ झाली तुमची."

वेळ अजून बरीच होती. पण आईच लगबगीने दाराशी आली, भाजलेला पाय अलगद टेकवत. "या तुम्ही," ती मोठ्याने म्हणाली. मग अगदी हळू, "तिला असलं काही शिकवू नका हो." दार लागलं. आतून कडी बसली.

बाई जिना उतरू लागल्या. नवराबायकोच्या मध्ये आपण कशाला पडा? शिकवणी जाईल ती जाईल, वर चार लोकांत नाव खराब होईल. स्वतःची समजूत घालत त्या पहिल्या वळणापर्यंत पोचल्या, तोच वर टीव्हीचा आवाज वाढला. मग आणखी वाढला. कुठल्याशा विनोदी कार्यक्रमातली माणसं जिनाभर खो खो हसू लागली.

बाई उलट फिरल्या. धापा टाकत वर आल्या, बेलवर बोट ठेवलं, आणि उचललंच नाही.