पाटीवरचा दुसरा शब्द

"ती माझी बहीण नव्हती," धाकटी म्हणाली आणि पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी राहिली.

वाचनालयात चाळीसेक माणसं होती. नर्सबाईंनी वर्षभर लोकांचे उंबरे झिजवून जमवलेली. फळ्यावर त्यांनीच लिहिलं होतं, 'बाईचं बाईवर, पुरुषाचं पुरुषावर प्रेम असतं. अशांनी गावात कसं राहायचं?' तासभर गाव फार छान बोललं. त्यांना कुणी त्रास देऊ नये, तीही माणसंच, वगैरे. फक्त आपल्याकडे तसं कुणी नाही, असं न्हाव्यानं सांगितलं. गावातलं एकूण एक डोकं त्याच्या हाताखालून गेलेलं, त्याला नाही कळणार तर कुणाला! सगळे हसले. तेवढ्यात ही उठली.

ही उठणार, हे एकट्या नर्सबाईंना माहीत होतं. 'दोघी' नावाचं शिवणाचं दुकान होतं धाकटीचं आणि थोरलीचं. थोरली कापायची, धाकटी शिवायची. खरं तर धाकटीच दोन वर्षांनी मोठी. पण दुसरी अंगानं उंच, म्हणून गावानं परस्पर तिला थोरली करून टाकलं. नावं ठेवण्यात गावाचा हात कोण धरणार! चार महिन्यांपूर्वी थोरली गेली. दवाखान्याच्या कागदावर 'रुग्णाशी नातं' या रकान्यात धाकटीनं 'बहीण' लिहिलं, ते थोरली खाटेवरून बघत होती. मग तिनं भिंतीकडे तोंड केलं. ते धाकटीला अजून सलत होतं. खरं नातं एकदा, चारचौघांत, आपल्या तोंडून निघावं, एवढंच तिला हवं होतं. गेलेल्या माणसाला आणखी द्यायचं तरी काय?

"अगदी बरोबर, धाकट्या ताई!" अध्यक्षांच्या खुर्चीतून हेडमास्तर म्हणाले. "सख्खी नव्हतीच ती. मानलेली होती. पण सख्ख्या करणार नाहीत एवढं केलंत तुम्ही तिचं!"

टाळ्या पडल्या.

"मानलेली पण नव्हती, मास्तर. आम्ही दोघी..."

शेजारी बसलेल्या वाणीणबाईनं तिचं मनगट धरून तिला खाली ओढलं. "बस गं. तोंड कोरडं पडलंय तुझं. पाणी पी."

"मला बोलू दे."

वाणीणबाईनं तोंड तिच्या कानाशी नेलं. "काय सांगणार आहेस? एकतीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहतोय आपण. आम्हाला काय डोळे नाहीत? सगळ्यांना ठाऊक आहे."

धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. "मग बोलले तर बिघडलं काय?"

"ठाऊक असणं वेगळं बाई, ऐकणं वेगळं. तू बोललीस की आम्हाला ऐकावं लागेल. आणि ऐकलं की काहीतरी करावं लागेल. उद्यापासून तुझ्याकडे कपडे कोण शिवायला टाकेल? मला तरी टाकता येतील का?"

हे तिनं अगदी मायेनं सांगितलं, तीच तर मेख होती. धाकटीनं मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं. निम्म्याअधिक अंगांवर थोरलीनं कापलेले कपडे होते. चेहरे हसरे होते, आणि एकही जण तिच्या नजरेला नजर देत नव्हता.

"त्यांचं पुरं होऊ द्या ना!" नर्सबाई जागेवरून म्हणाल्या.

"झालं की पुरं," मास्तर म्हणाले. "आता रडवता का त्यांना? चहा आणा रे."

धाकटी पाणी प्यायली. घशाशी आलेला शब्द त्या घोटाबरोबर खाली गेला, आणि तो आपणच गिळला, हेही तिला कळलं. मास्तरांनी वहीत लिहिलं, 'संवाद खेळीमेळीत पार पडला.'

दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटर शिडी घेऊन दुकानाच्या दारात हजर झाला. ही पाटी मूळची त्याचीच. थोरलीनं त्याला 'दोघी' एवढंच रंगवायला सांगितलं होतं. पण "दोघी म्हणजे कोण? लोक काय समजतील?" म्हणत त्यानं उरल्यासुरल्या रंगात पुढं 'बहिणी' जोडून दिलं होतं, वर फुकट. उन्हापावसात तो शब्द केव्हाच उडाला, आधीचा तेवढा राहिला. दुकान उघडताना थोरली रोज वर बघून म्हणायची, "बघ, लबाडीचा रंग टिकत नाही."

"मास्तरांनी पाठवलंय, गावातर्फे," पेंटर शिडीवर चढत म्हणाला. "थोरल्या ताईंच्या आठवणीला. काल म्हणे फार छान बोललात तुम्ही. ही पाटी केली तेव्हा मी पोरवयात हलका रंग वापरला, चुकलंच माझं. या वेळी ऑइलपेंट आणलाय. तुमच्या जन्मात पुसायचा नाही."

धाकटीनं तोंड उघडलं. शेजारच्या ओट्यावरून वाणीणबाई बघत होती. तिच्या हातात शिवायला आणलेलं कापड होतं.

"ताई, शिडी हलतेय. जरा धरता का?"

धाकटी पुढं झाली. दोन्ही हातांनी तिनं शिडी धरली, आणि वर पेंटर 'ब' काढायला लागला.