दर्भाचा कावळा

पिंड मांडून तास उलटला तरी घाटावर एकही कावळा फिरकला नव्हता.

"अण्णांचा जीव कशात तरी अडकलाय," काका हळूच म्हणाले. "बोल बाबा, काय ते कबूल कर."

दिगंबरने हात जोडले. आईला अंतर देणार नाही म्हणाला. धाकटीचं लग्न थाटात लावून देईन म्हणाला. झाडं गप्पच. मग त्याने नदीकडे पाहिलं. कारखान्याच्या सांडपाण्याचा व्हॉल्व्ह रोज तोच उघडायचा, आणि त्यापायी अण्णांनी शेवटपर्यंत त्याच्याशी अबोला धरला होता. याच नदीत त्यांनी त्याला पोहायला शिकवलं होतं.

"अण्णा, यापुढे त्या व्हॉल्व्हला हात लावणार नाही. नोकरी सोडतो."

बायकोने चमकून त्याच्याकडे पाहिलं. सगळ्यांच्या माना वर झाल्या. आभाळ रिकामंच होतं.

गुरुजींनी पिशवीतून दर्भाचा कावळा काढला. घरूनच करून आणलेला. "जिवाला लावून घेऊ नका," तो पिंडाला टेकवत ते म्हणाले. "वाट बघायची रीत, म्हणून थांबलो. या घाटावर कावळेच उरले नाहीत हो. कुणाच्याच पिंडाला शिवत नाहीत."

"शिवला, शिवला," म्हणत मंडळी उठली. हातपाय धुवायला नदीत कुणीच उतरलं नाही. पाण्याच्या बाटल्या आणल्या होत्या.

तेवढ्यात समोरच्या काठावरच्या पाइपातून पिवळा फेस भसाभसा नदीत पडू लागला. दिगंबरने सवयीने घड्याळ पाहिलं. वेळ बरोबर होती. त्याच्या सुतकापुरता कंपनीने लावलेला बदली माणूस कामाला चोख निघाला होता.