तिसरं कडवं

थोरल्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षी गायकाने आजारी तबलजीच्या उपचारांसाठी फुकट कार्यक्रम केला. "तुमची कॅसेट धूळ खात पडलीय," कंपनीवाला कानाशी लागला होता, "त्यातल्या गाण्याची दोनच कडवी गा. तिसऱ्यासाठी लोक विकत घेतील." दुसऱ्या कडव्यानंतर गायक घसा धरून थांबला. पहिल्या रांगेत, चाकाच्या खुर्चीतल्या तबलजीची बोटं मांडीवर ठेका धरूनच राहिली. बाहेर कॅसेटींवर झुंबड उडाली. सकाळी इस्पितळात वहिनी म्हणाली, "भावजी, घसा सांभाळा. ह्यांना स्वतःपेक्षा तुमचीच काळजी." उशाशी तिने आणलेली कॅसेट वेष्टनातच होती. "ऐकली नाहीस?" गायकाने विचारलं. "तू असताना हा डबा कशाला ऐकायचा?" तबलजी हसला. "आवाज सुटला की तिसरं कडवं इथंच गा, मी ठेका धरतो." गायलं तर खोटं उघडं पडणार, गायक पुन्हा घसा धरून बसला. तबलजी त्याच आठवड्यात, शुक्रवारी गेला.