टाकीचं झाकण

चाळीस वर्षं गॅरेज चालवलेल्या म्हाताऱ्याला टाकीचं झाकण हुंगूनच जुन्या गाडीची कुंडली कळायची. डिझेल घ्यावी की पेट्रोल, या पेचात पडलेल्या मुलाने म्हणूनच त्याला जुन्या गाड्यांच्या दलालाकडे सोबत आणलं होतं. मुलाच्या कडेवर नात होती. म्हाताऱ्याने झाकण हुंगलं. काहीच नाही. पुन्हा हुंगलं. “डिझेल स्वच्छ आहे,” त्याने अंदाजाने ठोकून दिलं. दलाल हसला. “काका, ही पेट्रोलची!” मुलगाही हसला. “बाबा थट्टा करतायत.” म्हातारा हसला नाही. सकाळीच सून स्वयंपाकघरात धावत आली होती, “गॅस चालूच राहिलाय! वास नाही आला?” “लक्ष नव्हतं,” तो म्हणाला होता. “गाडी आली की आम्ही दोघं कामावर, हिला दिवसभर तुम्हीच सांभाळायचं,” मुलगा म्हणाला. नातीने नाक दाबलं. “आजोबा, तुमच्या हाताला किती वास येतोय!” “हो ना गं,” म्हातारा म्हणाला.