पहिल्या रांगेतला श्रोता

नेब्रास्कातल्या तिच्या गावच्या वाचनालयात जॅनेल कविता वाचायला उभी राहिली, आणि पहिल्याच रांगेत तिला बाप दिसला. डेल्बर्ट तिच्या कार्यक्रमाला आजवर कधीच आला नव्हता. न्यूयॉर्कच्या मासिकाची संपादक म्हणून तिने भल्याभल्यांच्या खोट्या ओळी निर्दयपणे खोडल्या होत्या. पुढची कविता बापाने तिला पट्ट्याने फोडून काढलं, त्या दिवसाची होती. आता मात्र तिने गुपचूप पान उलटलं.

"ती का गाळलीस?" मांडीवर तिचंच पुस्तक उघडून बसलेल्या डेल्बर्टने जागेवरून विचारलं.

"डॅड, आपण घरी बोलू ना."

"घरी बोललो असतो तर तुला लिहावं लागलं असतं का? वाच."

तिने मान वर न करता वाचली. कुणीच टाळी वाजवली नाही. डेल्बर्ट उठला, तशी ती नकळत दोन पावलं मागे सरकली. ते पाहून तो होता तिथेच थांबला आणि लोकांकडे वळला.

"खरं आहे सगळं," तो म्हणाला. "फक्त पोरीने ते एकदाच झालं, असं लिहिलंय."